सैनिकाचा आहार आणि सप्लिमेंट: डबा उघडण्याआधी काय करायचं, कोणत्या क्रमाने

सैन्यात सप्लिमेंटच्या बाबतीत बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी डबा येतो. किती घ्यायचं ते बराकीतल्या शेजाऱ्याला विचारलं जातं. डॉक्टरची आठवण येते ती छातीत धडधडायला लागल्यावर किंवा लघवीच्या चाचणीबद्दल बोलावणं आल्यावर. आणि रोजच्या ताटात काय पडतंय, हे तर शेवटपर्यंत कुणी तपासतच नाही.

जिमला जाणाऱ्या नोकरदाराकडून हीच चूक झाली तर पैसे जातात, फार तर पोट बिघडतं. वर्दीतल्या माणसाची चूक भर उन्हात, पाठीवर वजन असताना, दोन रात्रींच्या जागरणानंतर उघडी पडते, आणि वर नोकरीही पणाला लागते. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन पायऱ्या नीट झाल्या तर निम्म्याहून अधिक जणांना पुढे जायची गरज पडणार नाही, असं माझं मत आहे.

## पायरी १: तीन दिवसांचं खाणं लिहून काढा

आठवड्यातले तीन दिवस निवडा: एक कडक कसरतीचा, एक साधा आणि एक सुट्टीचा. सकाळच्या चहापासून रात्रीच्या शेवटच्या घासापर्यंत पोटात गेलेलं सगळं लिहा. अंदाज नको, वाटी, तुकडा, ग्लास अशा मापात लिहा. सोबत चार गोष्टी टिपा: झोप किती तास झाली, सकाळी शौचाहून आल्यावर वजन किती होतं, लघवीचा रंग कसा होता, आणि चहा-कॉफी-एनर्जी ड्रिंक किती झालं.

इथली नेहमीची चूक म्हणजे नोंद रात्री आठवून करायची. आठवणीत दोन अंडी राहतात, पण पीटीनंतर वेळ नव्हता म्हणून सोडून दिलेला नाश्ता निसटतो. आणि बहुतेकांच्या आहारातलं भगदाड नेमकं त्या नाश्त्यातच असतं.

तपासा: तिन्ही दिवसांत दोन खाण्यांमध्ये सहा तासांहून मोठी रिकामी जागा (झोप सोडून) सापडली, तर आधी ती भरा. या दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही.

## पायरी २: ताटाचा हिशोब करा

इथे थोडा वेळ घाला, कारण प्रोटीन पावडर हवी की नको हे याच पायरीवर ठरतं.

कष्टाचं काम करणाऱ्या सैनिकाला दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. फार कडक प्रशिक्षणात किंवा वजन उतरवताना हा आकडा २ ग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ते ११२ ग्रॅम. आता मोजू. तीन अंडी १८ ग्रॅम. अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम. शिजवलेल्या घट्ट डाळीच्या दीडशे ग्रॅमच्या दोन वाट्या साधारण २६ ग्रॅम. शिजवलेलं चिकन १०० ग्रॅम, त्यातून ३० ग्रॅम. बेरीज ९० झाली. भात, पाव, पोळी यांतून येणारी प्रथिनं कुणी धरत नाही, पण ती सहज १५ ते २० ग्रॅम होतात. म्हणजे शंभरी पार, आणि अजून एकही स्कूप लागलेला नाही.

मांसाहार नसेल तर दूध, दही, पनीर, सोयाबीन आणि कडधान्यं वाढवून हाच आकडा गाठता येतो, पण त्यासाठी जेवणाची आखणी करावी लागते. ती जमत नसेल, किंवा मेसच्या वेळा आणि ड्यूटीच्या वेळा जुळतच नसतील, तर साधी प्रोटीन पावडर हा सोयीचा उपाय आहे. तिच्याकडे सोय म्हणूनच बघा. अंड्यात नाही असं त्या डब्यात काहीही नसतं.

दिवसाची सगळी प्रथिनं रात्रीच्या एकाच जेवणात ढकलू नका. दर तीन-चार तासांनी २० ते ३० ग्रॅम अशी वाटणी स्नायूंना जास्त उपयोगी पडते.

प्रथिनांच्या मागे लागून पिष्टमय पदार्थ कापणं ही दुसरी मोठी चूक. पाठीवर वजन घेऊन तासन्‌तास चालायचं तर इंधन लागतं ते पिष्टमय पदार्थांचंच. प्रशिक्षण किती कडक आहे त्यानुसार दिवसाला किलोमागे ४ ते ८ ग्रॅम लागतात. काम सलग तासाभराहून जास्त चालणार असेल तर मध्ये तासाला ३० ते ६० ग्रॅम घ्या. दोन केळी किंवा मूठभर सुकामेवा आणि थोडी बिस्किटं एवढ्याने ते भागतं. भात-पोळी बंद करून प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची उत्तेजक पावडर) घेणाऱ्याला खरं तर भूक लागलेली असते, फक्त त्याला वाटतं की आपली ताकद कमी पडतेय.

> इशारा: वजनाची तपासणी जवळ आली म्हणून उपास, जुलाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा घाम काढणारे कपडे यांतलं काहीही करू नका. उतरतं ते पाणी, चरबी जिथल्या तिथे राहते. त्याच अवस्थेत धावण्याची चाचणी दिली तर उष्माघात किंवा स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका खरोखरचा असतो. वजन उतरवायचं तर आठवड्याला अर्धा किलो, आणि सुरुवात काही महिने आधी.

## पायरी ३: पाणी आणि मीठ

पाणी कमी पडलं तर काय होतं हे सगळ्यांना पाठ असतं. पाणी जास्त झालं तर काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

उन्हात काम करताना तासाला अर्धा ते एक लिटर बहुतेकांना पुरतं. तासामागून तास त्याहून खूप जास्त साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, हाताची बोटं सुजतात, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि लघवी मात्र पाण्यासारखी स्वच्छ असते. अशा माणसाला उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजणं जीवावर बेतू शकतं. त्याला लगेच वैद्यकीय मदतीकडे न्या.

मिठाच्या गोळ्या रोज घ्यायची गरज नसते. जेवण वेळेवर आणि पूर्ण खाल्लं तर मीठ त्यातूनच मिळतं. घाम खूप गाळणारं लांबलचक काम असेल तर इलेक्ट्रोलाइट (क्षारांची) पावडर घ्यायला हरकत नाही, पण पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच मिसळा. कमी पाण्यात दाट केलेलं मिश्रण पोट बिघडवतं.

तपासा: सरावाआधी आणि सरावानंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. सरावानंतर वजन वाढलेलं दिसलं, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायला आहात.

## पायरी ४: खरी कमतरता आहे का, ते रक्ताला विचारा

थकवा आला की लोह, हाडं दुखली की कॅल्शियम, केस गळले की बायोटिन, असं अंदाजाने चालतं. करू नका. युनिटच्या डॉक्टरकडे जा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी), ड जीवनसत्त्व आणि, दूध-अंडी-मांस कमी खात असाल तर, बी-१२ तपासून घ्या.

लोहाची मात्रा फेरिटिन पाहिल्याशिवाय सुरू करू नये. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८ मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या स्त्रीची १८ मिलिग्रॅम. काही जणांच्या शरीरात लोह आनुवंशिक कारणाने साठत जातं. त्यांच्यासाठी ही निरुपद्रवी दिसणारी गोळी यकृताचं नुकसान करते. उलट महिला सैनिकांमध्ये, विशेषतः सुरुवातीच्या प्रशिक्षणात, लोहाची कमतरता खरोखर आढळते, म्हणून त्यांनी ही तपासणी टाळू नये. डॉक्टरने गोळी दिलीच तर ती चहा-कॉफीसोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. लिंबूपाण्यासोबत घेतली तर जास्त शोषली जाते.

ड जीवनसत्त्वाची रोजची गरज ६०० युनिट आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवायची वरची मर्यादा ४,००० युनिट. पाणबुडीतले, बंदिस्त खोल्यांत काम करणारे आणि लांब हिवाळ्याच्या भागात तैनात असलेले यांच्यात हे कमी असू शकतं. अमेरिकी नौदलातल्या महिला रिक्रूटांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत कॅल्शियम आणि ड एकत्र दिल्यावर ताणामुळे हाडांना तडे जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे योग्य जागी सप्लिमेंट काम करतं. ती जागा आपल्याला लागू आहे का, एवढंच शोधायचं.

> इशारा: केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिनची मात्रा अनेकदा मोठी असते. त्यामुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकारात बघतात त्या ट्रोपोनिनच्या चाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्याआधी डॉक्टरला सांगा आणि गोळी किती दिवस आधी थांबवायची ते विचारा. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतली जाणारी पावडर) घेत असाल तर तेही सांगा. त्याने मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसतो आणि मूत्रपिंड ठणठणीत असताना उगाच धावपळ होते.

## पायरी ५: चालतं की नाही, ते आपल्या सैन्याच्या नियमात बघा

"दुकानात उघड विकतात, म्हणजे चालत असणार." सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. सप्लिमेंटला बाजारात येण्याआधी औषधासारखी परवानगी आणि चाचणी बऱ्याच देशांत लागत नाही. दुकानात आहे याचा अर्थ कुणीतरी तपासलंय असा होत नाही. आणि नागरिकांना चालणारी वस्तू सैनिकाला चालेलच असंही नाही.

डीएमएए हे उत्तेजक प्री-वर्कआउटमध्ये सर्रास असायचं. अमेरिकी सैन्याच्या तळांवरच्या दुकानांतूनही ते मिळत होतं. सैनिकांचे मृत्यू झाल्यानंतर २०११ मध्ये ते तिथून हटवलं गेलं. आज अमेरिकी संरक्षण खात्याकडे निषिद्ध घटकांची स्वतंत्र यादी आहे आणि ‘ऑपरेशन सप्लिमेंट सेफ्टी’ नावाचा उपक्रम ती लोकांसमोर ठेवतो. तिथल्या सैनिकांना भांगेच्या जातीपासून बनवलेली हेम्प आणि सीबीडीची उत्पादनंही वर्ज्य आहेत, मग ती नागरिकांसाठी कायदेशीर असोत. २०२३ मध्ये तर त्यांना खसखस टाळायला सांगितलं गेलं, कारण काही खसखशीत कोडीन हे अफूवर्गीय द्रव्य इतकं सापडलं की लघवीची चाचणी सकारात्मक येऊ शकते.

तुमच्या सैन्याची यादी वेगळी असेल. ती मिळवा. स्वतंत्र यादी नसेल तर जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडाची यादी हा किमान आधार धरा. वैमानिक, पाणबुडे आणि विशेष दलांतल्या लोकांनी तर साधी मल्टीव्हिटॅमिनही आपल्या विभागाच्या डॉक्टरच्या परवानगीशिवाय घेऊ नये. त्यांचे नियम बाकीच्यांपेक्षा कडक असतात.

यादी बघताना होणारी चूक अशी: लोक डब्याचं नाव शोधतात. शोधायचा असतो घटक, आणि त्याची सगळी टोपणनावं. डीएमएए हेच मिथाइलहेक्सेनअमाइन या नावाने येतं आणि जिरेनियम अर्क या निरागस नावानेही. डीएमएचए हे तसंच दुसरं उत्तेजक ऑक्टोड्रीन म्हणून येतं. एका नावावर बंदी आली की तीच मंडळी दुसऱ्या नावाने हजर होतात.

सार्म्स म्हणजे स्टेरॉइडचा पर्याय म्हणून विकली जाणारी ऑस्टारीन, लिगँड्रोल वगैरे द्रव्यं. यांच्या बाटलीवर बऱ्याचदा ‘फक्त संशोधनासाठी, मानवी सेवनासाठी नाही’ असं छापलेलं असतं. विकणाऱ्याने स्वतःची कातडी वाचवायला लिहिलेलं हे वाक्य असलं तरी ते शब्दशः खरं माना. यकृत खराब होण्याचा धोका आहे, आणि वाडाच्या यादीत ती आहेतच.

## पायरी ६: लेबल उलटीकडून वाचा

डब्याची पुढची बाजू जाहिरात असते. मागची बाजू बघा, तीही खालून वर.

एका प्री-वर्कआउटचं लेबल डोळ्यासमोर आणू. वर मोठ्या अक्षरात ‘एक्स्ट्रीम एनर्जी मॅट्रिक्स: ५ ग्रॅम’. खाली बारीक अक्षरात नावं: बीटा-अ‍ॅलानिन, सिट्रुलिन, कॅफीन, ग्वाराना अर्क, ग्रीन टी अर्क, योहिम्बे साल. आकडा फक्त एकूण ५ ग्रॅमचा, प्रत्येकाचा वेगळा नाही. आता कॅफीन मोजा. ते कॅफीनमध्ये आहे, ग्वारानात आहे, ग्रीन टी अर्कातही आहे. तीन दारांनी एकच पाहुणा आत आलाय आणि एकूण किती, ते कळायला मार्ग नाही. योहिम्बे साल रक्तदाब आणि नाडी वाढवते. बीटा-अ‍ॅलानिनने चेहऱ्याला मुंग्या येतात. त्या सहसा धोकादायक नसतात, पण ‘काम करतंय’ असं वाटायला लावतात. सगळ्यात शेवटी कोपऱ्यात बघा: ‘एक सर्व्हिंग = २ स्कूप’. वरचे आकडे एका स्कूपचे समजणारे बरेच असतात. ‘जास्त ताकदीसाठी’ तीन घेणारेही असतात.

‘ऑपरेशन सप्लिमेंट सेफ्टी’ची सात प्रश्नांची एक चाळणी आहे. कुठल्याही देशातल्या सैनिकाला ती वापरता येईल:

१. तटस्थ संस्थेची प्रमाणपत्राची खूण आहे का?
२. घटक सहापेक्षा कमी आहेत का?
३. ‘प्रोप्रायटरी’, ‘ब्लेंड’, ‘मॅट्रिक्स’, ‘कॉम्प्लेक्स’ हे शब्द लेबलवर नाहीत ना?
४. प्रत्येक घटकाचं नाव सहज उच्चारता येतं का?
५. एका सर्व्हिंगमध्ये कॅफीन २०० मिलिग्रॅम किंवा कमी आहे का?
६. अवाजवी दावे नाहीत ना?
७. सगळी जीवनसत्त्वं आणि खनिजं रोजच्या गरजेच्या २०० टक्क्यांच्या आत आहेत का?

सातपैकी चार किंवा अधिक ‘हो’ आले तर वस्तू बहुधा ठीक मानली जाते. मी स्वतः पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात सूट देणार नाही. बाकी पाच उत्तरं कितीही चांगली येवोत, आत काय किती आहे ते सांगतच नसतील तर तो डबा परत ठेवा.

सातवा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण बी-६ चं उदाहरण घ्या. एनर्जी ड्रिंक, मल्टीव्हिटॅमिन आणि प्री-वर्कआउट या तिन्हींत ते असतं. महिनोन्‌महिने मोठी मात्रा गेली तर नसांना इजा होते, हातापायांना बधिरपणा येतो. जीवनसत्त्व आहे, लघवीतून निघून जाईल, हा समज इथे खोटा ठरतो.

तपासा: सध्या घेत असलेल्या सगळ्या डब्यांची लेबलं शेजारी ठेवा आणि एकच घटक किती ठिकाणी आहे ते मोजा. दुहेरी घेणं बहुतेक वेळा असंच उघडकीला येतं.

## पायरी ७: खूण खरी आहे का, ते पडताळा

‘जीएमपी प्रमाणित’ म्हणजे कारखान्याची पद्धत ठीक आहे. तुमच्या हातातला डबा तपासला गेला असा त्याचा अर्थ नाही. ‘नैसर्गिक’, ‘डॉक्टरांनी सुचवलेलं’, ‘सैनिकांसाठी बनवलेलं’ या शब्दांना तर काहीच किंमत नाही. डब्यावर सैनिकी वर्दीची नक्षी आणि रायफल छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

तटस्थ तपासणी संस्थांच्या उपयोगाच्या खुणा मोजक्या आहेत. एनएसएफची ‘सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ आणि ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ या दोन्हींमध्ये खेळात बंदी असलेल्या द्रव्यांसाठी चाचणी होते. यूएसपीची खूण शुद्धता आणि लेबलवरचं प्रमाण यांची खात्री देते, पण उत्तेजकांची चाळणी हा तिचा मुख्य हेतू नाही. खूण छापणं सोपं असतं, म्हणून त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन उत्पादनाचं नाव, चव आणि बॅच क्रमांक जुळवा. चॉकलेट चव प्रमाणित असेल आणि तुमच्या हातात आंब्याची असेल, तर ती प्रमाणित धरू नका.

सैलसर पुडीत, लेबल नसलेल्या डब्यात किंवा ‘मित्राने पाठवलंय’ म्हणून आलेलं काही घेऊ नका. शुद्ध कॅफीन पावडर तर हातातही धरू नये. तिच्या एका चमच्यात साधारण २८ कप कॉफीइतकं कॅफीन असतं.

## पायरी ८: एका वेळी एकच, आणि शांत दिवसांत

इथपर्यंत येऊनही काही घ्यायचं ठरलं असेल, तर सुरुवात छावणीत असताना करा. मोहिमेच्या आदल्या दिवशी, शारीरिक चाचणीच्या सकाळी किंवा नव्या हवामानात पोचल्याबरोबर नाही. एक वस्तू सुरू करा, दोन आठवडे दुसरं काही वाढवू नका, आणि झोप, नाडी, पोट यांची नोंद ठेवा. तीन डबे एकदम उघडले तर पुरळ कशाने उठलं ते कधीच कळणार नाही.

क्रिएटिन. साधं मोनोहायड्रेट, दिवसाला ३ ते ५ ग्रॅम. सुरुवातीला रोज २० ग्रॅम घेण्याची घाई नको. रोजच्या छोट्या मात्रेनेही तीन-चार आठवड्यांत तिथेच पोचता येतं. पाणी धरल्यामुळे वजन किलो-दोन किलोने वाढू शकतं, म्हणून वजनाची तपासणी तोंडावर असताना सुरू करू नका. महागडी रूपं जास्त काही देत नाहीत.

कॅफीन. सैनिकाच्या हातातलं सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात वाईट वापरलं जाणारं साधन. निरोगी प्रौढाला साधारण दिवसात ४०० मिलिग्रॅमची मर्यादा धरतात. दीर्घकाळ जागावं लागणाऱ्या कामगिरीसाठी अमेरिकी सैन्याच्या मार्गदर्शनात दर चार तासांनी २०० आणि दिवसात जास्तीत जास्त ६०० मिलिग्रॅम असं सांगितलेलं आहे. रात्री १० ते सकाळी ६ पहारा असेल तर १० वाजता २०० घ्या, २ वाजता आणखी १०० ते २००, मग बंद. कॅफीनचं अर्धायुष्य साधारण पाच तासांचं असतं. २ वाजता घेतलेल्या २०० पैकी सकाळी ७ ला सुमारे १०० अजून शरीरात असतं. पहाटे ५ ला एनर्जी ड्रिंक मारून ८ ला झोपायला जाणारा माणूस पुढच्या रात्रीच्या थकव्याची तयारी करत असतो.

बीसीएए, म्हणजे प्रथिनांतलेच तीन घटक (अमिनो आम्लं) सुटे करून विकलेले. पुरेशी प्रथिनं खाणाऱ्यासाठी मला हा सगळ्यात अनावश्यक डबा वाटतो.

झोपेसाठीच्या गोळ्या. मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाच्या उत्पादनांत प्रत्यक्ष प्रमाण लेबलपेक्षा बरंच वेगळं निघाल्याचं तपासण्यांत दिसलं आहे. ड्यूटीच्या काळात डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

> इशारा: उष्ण प्रदेशात नवं पोस्टिंग असेल तर शरीराला सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात प्री-वर्कआउट आणि चरबी जाळणारी उत्पादनं पूर्ण बंद ठेवा. उत्तेजकं उष्णता वाढवतात आणि थकव्याची सूचना दाबून टाकतात.

## पायरी ९: औषधांशी गाठ पडते का, ते बघा

तैनातीवर मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन दिलं जातं. ते कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा झिंकच्या गोळीसोबत घेतलं की पोटातच त्यांना चिकटतं आणि रक्तात कमी जातं. माणूस रोज गोळी घेतो, तरी संरक्षण अपुरं. दोन्हींत किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. जुलाबासाठी मिळणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनचंही तेच.

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते आणि नैराश्यावरच्या औषधांसोबत धोकादायक ठरू शकते. माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रा, ई जीवनसत्त्व आणि गिंको रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर घेत असलेल्या सगळ्या डब्यांची यादी भूलतज्ज्ञाच्या हातात द्या. ‘औषधं काही घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणताना लोक सप्लिमेंट धरत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो.

## पायरी १०: मोहिमेवरचं खाणं

पॅकबंद शिध्यात काय आहे यापेक्षा त्यातलं किती पोटात गेलं, हे महत्त्वाचं. अमेरिकी सैन्याच्या एमआरई या तयार शिध्याचं एक पाकीट साधारण १,२५० कॅलरींचं असतं, दिवसाला तीन म्हणजे ३,७५० च्या आसपास. कडक सरावात किंवा थंडीत खर्च त्याहून जास्त होऊ शकतो. त्यात वजन वाचवायला लोक अर्धं पाकीट आधीच काढून टाकतात. मग चौथ्या दिवशी पाय जड होतात आणि दोष मल्टीव्हिटॅमिन न आणल्याला दिला जातो.

उंचीवर भूक मरते, खर्च मात्र वाढतो. तिथे मोठं जेवण समोर ठेवून बसण्यापेक्षा दर दोन तासांनी थोडं, गोडसर, पिष्टमय खात राहा. भूक लागायची वाट बघू नका, घड्याळ लावून खा.

तपासा: आठवड्याच्या सरावानंतर वजन दोन-तीन टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर पुढच्या वेळी आधी शिधा वाढवा.

## पायरी ११: काही बिघडलंच तर

छातीत दुखणं, धडधड, चक्कर, गडद कोकच्या रंगाची लघवी, डोळे-त्वचा पिवळी पडणं यांतलं काहीही दिसलं तर सगळे डबे त्याच क्षणी बंद करा आणि डॉक्टरकडे जा. काय घेतलं ते खरं सांगा. शिक्षेच्या भीतीने लपवलेल्या माहितीमुळे उपचार चुकतात.

आणि डबा फेकू नका. घाबरून कचऱ्यात टाकणं ही शेवटची नेहमीची चूक. उरलेली पावडर, झाकण, बॅच क्रमांक आणि खरेदीची पावती तशीच पिशवीत बंद करून ठेवा, लेबलचा फोटो काढा, आणि कधीपासून किती घेत होता ते तारखेसह लिहून काढा. चाचणी सकारात्मक आली आणि दोष भेसळीचा होता असं दाखवायची वेळ आली, तर तुमच्या बाजूने बोलायला तेवढंच असतं.